मँगनीजचा जिल्हा आणि कोळशाचा हिशेब

एखाद्या प्रदेशाचे उत्पन्न वाढू लागले की तेथील कार्बन उत्सर्जन, म्हणजे मुख्यतः कोळसा व तेल जाळल्याने हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड, प्रथम वाढते आणि पुरेशी सुबत्ता आल्यावर उतरणीला लागते, असे एक अनुमान अर्थशास्त्रात मांडले जाते. सायमन कुझनेट्स यांच्या विषमताविषयक वक्राच्या धर्तीवर त्याला पर्यावरणीय कुझनेट्स वक्र असे नाव पडले आहे. भंडारा जिल्ह्याचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास या वक्रात बसवू पाहता अडचण येते, ती अशी की येथील खनिजापायी जो कोळसा जळाला, त्यातील बराचसा जिल्ह्याच्या सीमेबाहेर जळाला.

मध्य प्रांतातील मँगनीजचा शोध घेण्यासाठी 1896 मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही ब्रिटिश कंपनी स्थापन झाली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मँगनीजच्या निर्यातीत भारत रशियाच्या बरोबरीने गणला जाऊ लागला. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग ही नावे याच खनिजपट्ट्यातली. त्या काळच्या उघड्या खाणींत काम जवळजवळ सगळे हातांनीच चाले: काळा, वजनाला भारी दगड घणाने फोडायचा, त्याला चिकटलेला हलका दगड हातोडीने उडवायचा, निवडलेला माल डोक्यावरच्या टोपलीतून नेऊन मापाच्या ढिगात रचायचा, आणि या निवडीत व वाहतुकीत स्त्रियांचा वाटा मोठा असे. घाम होता, धूर फारसा नव्हता.

धूर होता तो या मालाच्या गिऱ्हाइकांकडे. पोलाद तयार करताना वितळलेल्या धातूतील ऑक्सिजन व गंधक यांना मँगनीज बांधून घेते, एरवी ते पोलाद तापवून ठोकताना तडकते. त्यामुळे युरोपातील कोळशावर चालणाऱ्या पोलाद भट्ट्यांना हा दगड हवाच होता. म्हणजे उत्खननाची मजुरी भंडाऱ्यात आली, पोलादाचा नफा व त्याचा धूर मात्र दोन्ही परदेशी राहिले. वसाहतकालीन व्यापाराची चर्चा करताना नफ्याचा हा हिशेब पुष्कळ झाला आहे, धुराचा क्वचितच.

1962 मध्ये ब्रिटिश कंपनीची मालमत्ता सरकारने घेऊन मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड, म्हणजेच मॉईल, स्थापन केली आणि 1977 मध्ये ती संपूर्ण सरकारी झाली. खनिजावर देशातच प्रक्रिया व्हावी या धोरणाच्या काळात तुमसरजवळ माणेकनगर येथे फेरोमँगनीजचा, म्हणजे लोखंड व मँगनीज यांच्या मिश्रधातूचा, कारखाना चालला. अशा कारखान्यातील विद्युत भट्टीला एका टनामागे साधारण अडीच ते तीन हजार युनिट वीज लागते, शिवाय खनिजातील ऑक्सिजन काढण्यासाठी कोक लागतो. कोकचा धूर भट्टीवरच निघतो. पण वीज औष्णिक केंद्राची असेल तर तिचा धूर केंद्राच्या धुराड्यातून निघतो, मग ते केंद्र कोराडीचे असो वा चंद्रपूरचे. विकत घेतलेल्या विजेपायी होणाऱ्या या उत्सर्जनाला अप्रत्यक्ष उत्सर्जन म्हणतात, आणि जिल्हावार नोंदीत ते सहज निसटते.

वरठीच्या पोलाद कारखान्याने हे चित्र बदलले. 1984 मध्ये स्थापन झालेल्या सनफ्लॅग कंपनीने भंडारा रोड स्थानकाजवळ उभारलेल्या प्रकल्पात लोहखनिजातला ऑक्सिजन काढण्यासाठी दगडी कोळसाच वापरला जातो, त्यामुळे पोलादाचा धूर प्रथमच मोठ्या प्रमाणात जिल्ह्याच्या खात्यावर पडला. हाताला काम व पगारही त्याच खात्यावर जमा झाले. (उत्सर्जन म्हणजे केवळ धुराडे, असेही नाही: तलावांच्या या जिल्ह्यात भातखाचरांतील साचलेल्या पाण्याखाली जिवाणू मिथेन वायू निर्माण करतात, आणि ही प्रक्रिया पहिल्या खाणीच्या कितीतरी आधीपासून चालत आली आहे.)

माणेकनगरचा कारखाना पुढे बंद पडला. त्या भट्टीचे उत्सर्जन जिल्ह्याच्या हिशेबातून गेले खरे, परंतु ही घट सुबत्तेने आलेली नव्हती, रोजगार गेल्याने आलेली होती. देशाची पोलादाची मागणी वाढतच राहिल्याने तोच मिश्रधातू दुसऱ्या भट्ट्यांत, दुसऱ्या कोळशावर तयार होत राहिला, आणि चिखला व डोंगरी बुजुर्गचे खनिज जिल्ह्याबाहेर जात राहिले.