इम्युलेशनसाठी प्रोसेसर निवडताना

गेमिंग कन्सोलचे खेळ संगणकावर चालविणाऱ्या सॉफ्टवेअरला ‘इम्युलेटर’ म्हणतात. कन्सोलच्या आज्ञा खेळ चालू असतानाच संगणकाच्या भाषेत उतरवाव्या लागत असल्याने मोठा भार प्रोसेसरवर पडतो. २००० साली आलेल्या प्लेस्टेशन-२साठी कोअरच्या संख्येपेक्षा एकेका कोअरचा वेग महत्त्वाचा. चार कोअरचा इंटेल कोअर आय३-१२१०० त्यासाठी पुरेसा ठरतो. २००६च्या प्लेस्टेशन-३मधील ‘सेल’ प्रोसेसरात मात्र मुख्य कोअरच्या जोडीला अनेक साहाय्यक कोअर असल्याने सहा कोअर व बारा थ्रेडचा एएमडी रायझेन ५ ५६०० घेणे श्रेयस्कर. त्यात अंतर्गत ग्राफिक्सची सोय नाही. स्वतंत्र कार्डाचा खर्च आधीच हिशेबात धरावा. केवळ गिगाहर्ट्झचा आकडा पाहून जुना प्रोसेसर स्वस्तात घेऊ नये. नव्या पिढीचा प्रोसेसर तेवढ्याच गिगाहर्ट्झमध्ये अधिक काम उरकतो.