तिसरा गडी

आमच्या गंजिफांच्या डब्यात १२० पानं आहेत, पण खरी त्यातली ११९. वामनाची सत्ती मी या घरात येण्याआधीच हरवली होती. ह्यांनी शाळकरी वयात वहीच्या पुठ्ठ्याचं एक गोल कापलं, त्यावर सात कमंडलू काढले आणि ते पान डब्यात टाकलं. कमंडलू कसले, चहाच्या किटल्याच दिसतात. बाकीच्या पानांची पाठ लाखेची, तांबडीलाल. हिची पाठ पुठ्ठ्याची, करडी. त्यामुळे ‘किटल्या’ कुणाच्या हातात आहेत, हे पानं वाटून होताक्षणी सगळ्यांना कळतं. सासूबाई म्हणायच्या, "ह्या घरात एकच गोष्ट लपान ऱ्हवणा नाय, ती म्हणजे वामनाची सत्ती."

मी १९७३ सालच्या मे महिन्यात कुडाळहून लग्न होऊन सावंतवाडीत आले. मे संपता संपता पाऊस लागला आणि पहिल्याच आठवड्यात कळलं, की या घरात जेवणं झाली की पानं वाटली जातात. माहेरी आम्ही बदाम सात खेळायचो. इथे बदाम नाही, इस्पिक नाही, चौकोनी पानच नाही. रुपयाहून मोठी गोल चकती, तिच्यावर मासा, कासव, परशू, बाण, गाय. सासूबाईंनी माझ्या हातात ४० पानं दिली. चाळीस! ती हातात धरायची कशी, हेच मला कळेना. चौकोनी पत्त्यांचा पंखा होतो, गोल पानांचा नुसता ढिगारा होतो. सासूबाई ती डाव्या तळहातावर चवडीसारखी रचून अंगठ्याने सरकवत, चिल्लर मोजावी तशी. मला ते जमायला दोन पावसाळे लागले.

खेळ तिघांचा. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पानं. १२० ला तीनने भागलं की ४०. सासरे वारल्यापासून सासूबाई आणि हे दोघंच उरले होते, म्हणून डबा तीन वर्षं माळ्यावर होता. मी आले आणि तो खाली आला. सून म्हणून माझी निवड कोणत्या गुणांवर झाली, याबद्दल तेव्हा माझ्या मनात काही भाबड्या कल्पना होत्या. पुढे लक्षात आलं, की त्यांना तिसरा गडी हवा होता.

गंजिफा मूळच्या इकडच्या नव्हेत. १५२७ साली बाबराने सिंधमधल्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्या, अशी नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अकबराकडे बारा रंगांचा, १४४ पानांचा जोड होता, त्याचं वर्णन अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त केलं आहे. पुढे जास्त चालला तो आठ रंगांचा, ९६ पानांचा जोड. त्याला मोगली गंजिफा म्हणतात. ताज, समशेर, गुलाम, चंग, बरात अशी त्याच्या रंगांची नावं. सगळा दरबारी कारभारच तो. आपल्याकडे या कारभाराच्या जागी देव आले आणि दशावतारी जोड झाला. तिकडे बंगालात बिष्णुपूरलाही दशावतारी पानं होतात. पण आमच्या भागात दशावतार म्हटलं की आधी आठवतं ते रात्रभर चालणारं नाटक, आणि त्यातला शंखासुर. इथल्या माणसाला दहा अवतार पाठ करावे लागत नाहीत, ते देवळाच्या जत्रेत आपोआप पाठ होतात. सासूबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कुठल्या अवतारानंतर कुठला, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी आलं असतं. पत्ते खेळणं वाईट, असं त्यांचं ठाम मत होतं. गंजिफांना मात्र त्या पत्ते मानत नसत. तोंडाने सारखी राम-कृष्णाची नावं येतात, मग तो जपच झाला की, असं त्यांचं म्हणणं.

पहिल्या रात्री मी परशुरामाचा एक्का फालतू समजून टाकून दिला. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "गो बाय, परशुरामाचो एको तो!" मत्स्यापासून वामनापर्यंतच्या पाच रंगांत राजा-प्रधानाखालोखाल दश्शी मोठी आणि एक्का सगळ्यांत लहान. परशुरामापासून कल्कीपर्यंत बरोबर उलटं, तिथे एक्का मोठा आणि दश्शी कवडीमोल. असं का, ते मी विचारलं तेव्हा हे म्हणाले, "असंच असतं." मी मास्तरीण, मला ‘असंच असतं’ हे उत्तर कधीच पटलेलं नाही. पण पन्नास वर्षं त्यावरच खेळते आहे.

उतारीचा नियम मला सगळ्यांत आवडतो. दिवसा खेळत असाल तर रामाचा राजा ज्याच्या हातात, त्याने पहिलं पान उतरायचं. रात्री खेळत असाल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे, त्याने. आता दिवस संपतो कधी? आमच्याकडे दिवेलागणीला. देवापुढे दिवा लागला की रामाची सत्ता संपली. यावरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी पैशावरून झाली नाहीत. ह्यांच्याकडे रामाचा राजा आला, की हे मला स्वयंपाकघराकडे जाऊ देत नसत. "थांब, अजून उजेड आहे." बाहेर पाऊस कोसळतोय, घरात काळोख, सासूबाई चाचपडत पान ओळखतायत आणि हे म्हणतायत उजेड आहे! उलट कृष्ण हातात असला, की साडेचारलाच ह्यांना देवाची आठवण व्हायची. सासूबाई शेवटी काडेपेटी आपल्या ओच्यात ठेवू लागल्या.

आमचा जोड सासूबाईंच्या लग्नातला. कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, वाळवायचे, गोल कापायचे, गुळगुळीत होईपर्यंत घोटायचे, मग रंग आणि वरून लाख. इथे पावसाळ्यात चामड्याच्या चपलेवर चार दिवसांत बुरशी येते, पण नीट लाख दिलेलं पान टिकतं. तरीही सासूबाई जून ते सप्टेंबर डबा चुलीच्या वरच्या फळीवर ठेवायच्या. त्या धुराचा वास अजून पानांना आहे. गॅस येऊन चाळीस वर्षं झाली, तरी आहे.

मी आले त्या सुमारास गावात नवा जोड मिळणं जवळजवळ बंद झालं होतं. चितारआळीत लाकडी फळं, भातुकली, पाट, खेळणी मिळायची, आजही मिळतात, पण गंजिफा रंगवणारे हात उरले नव्हते. कारण उघड आहे. कारखान्यात छापलेला बावन्न पानांचा जोड दोन-पाच रुपयांत मिळत असताना १२० पानं हाताने रंगवून घेणार कोण? आणि त्या बावन्न पानांना आम्ही परके तरी कसं म्हणावं? ‘किलवर’ हा शब्द डच ‘क्लाव्हर’वरून आला असं सांगतात, आणि डचांची सतराव्या शतकातली वखार आमच्या शेजारी वेंगुर्ल्यात पडकी का होईना, उभी आहे. म्हणजे माझी माहेरची बदाम सातही तशी जवळचीच.

त्या काळात ही कला वाचली ती राजवाड्यातल्या जोडप्यामुळे. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी. संस्थान १९४८ साली विलीन झालं होतं, राजेपण कागदावर राहिलं होतं. गंजिफा करणारे पुंडलिक चितारी तेव्हा ऐंशीच्या घरात होते आणि ते ज्ञान असलेले जवळजवळ एकटेच. राजेसाहेबांनी आणि राणीसाहेबांनी त्यांच्याकडून ते शिकून घेतलं आणि १९७१ च्या सुमारास वाड्यातच काम सुरू केलं. दरबार हॉलमध्ये पोरं मांडी घालून बसली आणि ब्रश हातात घेऊ लागली. राजाने आश्रय दिला, असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. इथे दोघं नवराबायको स्वतः शिकायला बसले. आश्रय देण्यापेक्षा ते कठीण आहे, असं मी चौतीस वर्षं शिकवल्यावर सांगू शकते. राजेसाहेब १९९५ साली गेले. राणीसाहेब त्यानंतरही २०१८ पर्यंत ते काम बघत होत्या. मोती तलावाच्या काठाने शाळेतून घरी जाताना वाड्याची कमान दिसायची आणि मला दर वेळी वाटायचं, हे दोघं संध्याकाळी खेळत असतील का? आणि खेळत असतील तर त्यांचा तिसरा गडी कोण?

१९८६ साली मी ह्यांना न सांगता वाड्यावर गेले आणि तिथल्या एका चिताऱ्याकडून वामनाची सत्ती करून घेतली. नमुन्याला सहा आणि आठ कमंडलूंची पानं दिली. सुरेख काम केलं त्याने. ती घरी आणून डब्यात टाकली, ‘किटल्या’ काढून ट्रंकेत ठेवल्या. रात्री खेळायला बसलो आणि पहिल्याच वाटणीत सासूबाई हसल्या. नवं पान इतकं झळझळीत होतं, की बाकीच्या धुरकटलेल्या पाठींमध्ये ते लांबूनही कळत होतं. पंधरा दिवस खेळलो, मग ह्यांनी ट्रंक उघडून ‘किटल्या’ परत आणल्या. नवी सत्ती आता देव्हाऱ्यात वामनाची मूर्ती म्हणून आहे.

सासूबाई १९९१ च्या श्रावणात गेल्या. शेवटचे सहा महिने त्यांना माणसांची नावं आठवत नव्हती, मला त्या स्वतःची बहीण समजायच्या. पण डाव मांडला की कुठली पानं पडली आणि कुठली उरली, हे चोख. या खेळात हुकूम म्हणजे त्या रंगातलं उरलेलं सगळ्यांत मोठं पान. वराहाचा राजा आणि प्रधान पडून गेले असले, तर तुमची दश्शी हुकूम झाली. पण ते पडल्याचं तुमच्या लक्षात हवं. सगळा खेळ पडलेली पानं लक्षात ठेवण्याचा. त्यांच्या मागून मुलगा बसू लागला. त्याला कंटाळा यायचा, पण जिंकला की दोन रुपये मिळायचे. १९९३ साली तो शिकायला पुण्याला गेला. मुलीला कधीच आवडलं नाही. "तुम्ही दोघं खेळताय की हिशोब करताय?" असं ती विचारायची.

मग आम्ही दोघांनी खेळून पाहिलं. साठ-साठ पानं. तीन डावांत बंद केलं. दोघांच्या खेळात काही लपतच नाही. जे माझ्याकडे नाही ते ह्यांच्याकडे, जे ह्यांच्याकडे नाही ते माझ्याकडे. पानं वाटून झाली की आपल्या हाताकडे बघून समोरच्याचा अख्खा हात वाचता येतो. उरतं काय? नुसतं एकामागून एक पान टाकणं. तिघांत हीच गंमत असते, की अमुक राजा माझ्याकडे नाही हे ठाऊक असतं, पण दोघांपैकी कुणाकडे आहे ते नसतं. शेजारच्या एका निवृत्त पोस्टमास्तरांना काही वर्षं बसवलं. ते फार सज्जन, पण चुकलं की माफी मागायचे, आणि माफी मागणाऱ्याबरोबर पत्ते खेळता येत नाहीत.

आता गंजिफांना बरे दिवस आले आहेत, असं सगळे म्हणतात. २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकन मिळालं. पर्यटक येतात, जोड घेतात, फोटो काढतात. मुंबईला एका नातेवाइकाच्या दिवाणखान्यात दहा राजे काचेमागे चौकटीत लावलेले पाहिले. छान दिसत होते. मी विचारलं, प्रधान कुठे आहेत? तर म्हणाले, दहाच घेतले. चिताऱ्यांना काम मिळतं, ते चांगलंच. माझं मन मात्र त्या भिंतीवर रमलं नाही.

गेली आठ-नऊ वर्षं आम्ही एक तोडगा काढला आहे. तीन वाटण्या करायच्या. तिसरी चवड सासूबाईंच्या पाटावर उपडी ठेवायची. तिची पाळी आली की वरचं पान उलटायचं, जे निघेल ते तिने टाकलं असं समजायचं. तिचा हात झाला की तिच्यापुढे एक चिंचोका. अडाण्यासारखी खेळते, हुकूम वाया घालवते, तरी अधूनमधून आमच्यापेक्षा जास्त हात करते. हे आता एकोणऐंशीचे आहेत. पडलेली पानं त्यांच्या लक्षात राहत नाहीत. पूर्वी मी चुकले की चिडायचे, आता मला हळूच विचारतात, "कूर्माचा प्रधान गेला काय गो?" मी खरं सांगते. बहुतेक वेळा.

परवा दुपारी पाऊस होता, चारच्या सुमारास पानं वाटली. माझ्याकडे रामाचा राजा नव्हता. ह्यांनी चवड दोनदा सरकवून पाहिली, त्यांच्याकडेही नव्हता. म्हणजे तो पाटावर. दिवसाची उतारी पाटाची. आता उपड्या चवडीतून राजा शोधायचा, तर तिची सगळी पानं बघावी लागणार. मग खेळायचं काय? पाच मिनिटं आम्ही त्या पाटाकडे बघत बसलो. मग हे गुडघ्यावर हात टेकून उठले, देव्हाऱ्यापाशी गेले आणि भर दुपारी चार वाजता त्यांनी समई लावली.

"दिवा लागला," म्हणाले. परत येऊन बसले आणि कृष्णाचा राजा उतरला.