कात्रीवाला शिंपी आणि नरकाची भट्टी

बालवाङ्मयाच्या इतिहासात भीतीचे दालन फार जुने आहे. इंग्लंडमध्ये जेम्स जेनवे या प्युरिटन धर्मोपदेशकाने १६७१-७२ साली तेरा सद्गुणी बालकांच्या मृत्यूंच्या हकीकती प्रसिद्ध केल्या, आणि त्या पिढ्यान् पिढ्या मुलांच्या हाती दिल्या गेल्या. आपण कॅथलिकही यात मागे नव्हतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रिडेम्प्टरिस्ट संघाचे फादर जॉन फर्निस यांनी मुलांसाठी नरकदर्शनाची पुस्तिका लिहिली. तीत लालबुंद तापलेल्या भट्टीत तडफडणाऱ्या बालकाचे वर्णन आहे. १८६९ साली लेकी या इतिहासकाराने तिच्यावर कडाडून टीका केली, आणि ती अनाठायी होती असे आम्हांला वाटत नाही. फादरांचा हेतू मात्र निर्मळ होता. मुलांसाठी खास मिशन भरविण्यात त्यांनी आयुष्य वेचले, ही गोष्ट विसरता येत नाही.

याच काळात जर्मनीत एक निराळे पुस्तक जन्मले. फ्रँकफर्टचे डॉक्टर हाइन्रिख हॉफमन १८४४ च्या नाताळापूर्वी आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी पुस्तक शोधीत हिंडले. मिळाली ती सारी बोधवचनांनी जड झालेली. अखेर त्यांनी कोरी वही घेतली आणि स्वतःच चित्रे काढून पद्ये रचली. मित्रांच्या आग्रहाने १८४५ साली ती छापली गेली. ‘श्ट्रुव्हेलपेटर’, म्हणजे झिपऱ्या पीटर, या नावाने ती पुढे जगभर गाजली.

यातील कथा कोवळ्या म्हणता येणार नाहीत. अंगठा चोखणाऱ्या कोनराडची आई बाहेर जाते न जाते तोच शिंपी प्रचंड कात्री घेऊन धावत येतो आणि दोन्ही अंगठे उडवितो. सूप नको म्हणणारा गुबगुबीत कास्पार पाचव्या दिवशी मरतो, आणि त्याच्या थडग्यावर सुपाचे भांडे ठेवलेले दिसते! अनेक शिक्षणतज्ज्ञांनी या पुस्तकाला क्रूर ठरविले. मुले मात्र ते पुन्हा पुन्हा मागत राहिली.

असे का व्हावे? हॉफमन यांनी पुढे आपल्या आठवणी लिहिल्या, त्यांत याचे उत्तर आहे असे आम्ही समजतो. त्या काळी आया मुलांना दटावीत, की डॉक्टर येईल, कडू औषध पाजील, जळवा लावील. घराघरातला बागुलबुवा म्हणजे खुद्द हॉफमनच! आजारी मूल त्यांना पाहताच किंचाळे. तेव्हा ते खिशातून कागद-पेन्सिल काढून भराभर एखादे चित्र रेखाटीत आणि गोष्ट सांगत. मूल शांत झाले की नाडी पाहत. भ्यालेल्या मुलाच्या उशाशी बसून ही कला घडली होती. म्हणूनच तिची अतिशयोक्ती इतकी उघड आहे, की तीन वर्षांच्या वाचकालाही शिंपी कागदावरचा आहे हे उमगते. फर्निस यांच्या भट्टीला असा कागद नव्हता. ती खरी आहे असे सांगणारे गुरुजन मुलासमोर उभे होते, आणि रात्री पुस्तक मिटले तरी ती विझत नसे. मुलाला भयाची ओढ असते, हे आम्हांला मान्य आहे. परंतु ते पुस्तक मिटण्याचा अधिकार त्याच्या हाती हवा.

हॉफमन १८५१ पासून फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख झाले, आणि रुग्णांसाठी नवी प्रशस्त वास्तू उभी राहावी म्हणून त्यांनी अपार खटपट केली. त्यांचे पुस्तक इकडे देशोदेशी फिरत होते. १८९१ साली मार्क ट्वेन सहकुटुंब बर्लिनमध्ये राहत असता त्यांनी आपल्या मुलींसाठी त्याचे इंग्रजी रूपांतर केले. तेही नाताळची भेट म्हणूनच. ते छापून निघाले ट्वेन यांच्या मृत्यूनंतर, १९३५ साली.