तेरेसाचे शिल्प आणि तेरेसाची संहिता

१९७२-७३च्या व्याख्यानसत्रात स्त्रीच्या परमसुखाची चर्चा करताना जाक लाकाँने श्रोत्यांना रोमला जाऊन बर्निनीचे सेंट तेरेसाचे शिल्प पाहण्यास सुचविले. पाहताच तिचा अनुभव उमगतो, याविषयी त्याला शंका नव्हती. स्त्रीला मात्र या सुखाची प्रचीती असते, ज्ञान नसते, असे त्याचे प्रतिपादन होते. विनवूनही स्त्री-मनोविश्लेषक त्याविषयी काही सांगत नाहीत, ही तक्रारही होती. १९७५मध्ये ही व्याख्याने ग्रंथरूप झाली, तेव्हा मुखपृष्ठावर हेच शिल्प आले.

ते १६४७ ते १६५२ या काळात कोर्नारो घराण्याच्या चॅपेलसाठी घडविले गेले. तेरेसाचे डोळे मिटलेले, ओठ विलग, देह वस्त्राच्या चुण्यांत हरवलेला. दोन्ही बाजूंच्या भिंतींत नाट्यगृहातल्यासारखे सज्जे असून त्यांत कोर्नारो घराण्यातील मंडळी बसली आहेत. सगळे पुरुषच.

सोळाव्या शतकात धर्मगुरूंच्या आज्ञेवरून लिहिलेल्या तेरेसाच्या आत्मचरित्रात हाच प्रसंग निराळा दिसतो. देवदूत उंच नव्हता, लहानखुरा होता, हे ती नोंदवते. तो कोणत्या श्रेणीतला असावा याचा तर्क करते. वेदना आत्मिक खरी, पण देहाचाही तीत वाटा, नव्हे बराच वाटा, होता असे बजावते. अन्यत्र प्रार्थनेच्या चार अवस्था सांगण्यासाठी ती बाग शिंपण्याचा दृष्टान्त घेते: विहिरीतून पाणी शेंदणे, रहाट, वाहता प्रवाह आणि शेवटी पाऊस. अज्ञानातून असे वर्गीकरण संभवत नाही. तिला हिस्टेरियाची संरक्षक संत म्हणणाऱ्या ब्रॉयरनेही १८९५मध्ये तिची प्रतिभा आणि व्यवहारकुशलता मान्य केली होती.

गूढानुभवाला निव्वळ लैंगिकतेत बसविण्याचा शार्कोच्या वर्तुळातील प्रयत्न लाकाँला अमान्य होता आणि गूढवाद्यांचे लेखन तो मोलाचे मानी, हेही सांगितले पाहिजे. म्हणूनच तेरेसापाशी येताच त्याने पुस्तकाऐवजी संगमरवराकडे बोट दाखवावे, हे अधिक बोचते.

ल्यूस इरिगारेने नेमके हेच हेरले. १९७४मध्ये ‘स्पेक्युलम’ प्रसिद्ध झाल्यावर व्हॅन्सेन येथील मनोविश्लेषण विभागातले तिचे अध्यापन बंद झाले होते. १९७७च्या संग्रहातील एका लेखात ती विचारते, की पुरुषाने घडविलेली मूर्ती पाहण्यासाठी इतक्या दूर का जायचे? तेरेसाच्या सुखाविषयी तिचे लेखनच अधिक बोलके नाही का? लेखाच्या शीर्षकासाठी तिने मोझार्टच्या ‘कोसी फान तुत्ते’ या ऑपेराचे नाव उचलले आणि अखेरचा स्वर तेवढा बदलला: ‘सगळ्या अशाच’चे ‘सगळे असेच’ झाले.