नऊ वाजताचे साडेसात

खोलीत शिरायच्या आधी डोळे मिटून घ्या, म्हणजे आतल्या अंधाराची सवय लवकर होईल. साल 1944 धरा. महिना एप्रिल, मुंबईतली समुद्राच्या तोंडाशी असलेली एक टेकडी आणि तिच्यावर पत्र्याचं छप्पर घातलेली खोली. युद्धाचा ब्लॅकआउट असल्यामुळे खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला आहे. त्यामुळे वारा बंद आणि यंत्राच्या व्हॉल्वची धग आतल्या आत कोंडलेली. तुमचा सदरा पाठीला चिकटेल. इथे कुणीही तुमच्याकडे बघणार नाही, कारण सगळ्यांची नजर एका वाटोळ्या काचेवर आहे. तिच्यावर एक हिरवी रेघ थरथरते आहे.

हे रडार आहे. दीड मीटर लांबीच्या लहरी सोडतं, म्हणजे 200 मेगाहर्ट्झ. तुमच्या काळातल्या FM रेडिओची लहर साधारण तीन मीटरची. दोघांचं कूळ एकच आणि मर्यादाही एकच: लहर सरळ जाते, पृथ्वी गोल आहे, त्यामुळे क्षितिजाच्या थोडं पुढे गेलं की ती वरून निघून जाते. या टेकडीवरून पाण्याच्या पातळीवरची वस्तू चाळीसेक किलोमीटरच्या पलीकडे दिसू नये, असा हिशेब आहे. उंच जहाज असेल तर आणखी थोडं लांबून.

आणि तरीही पश्चिमेला अँटेना वळवली की हिरव्या रेघेवर एक टोक उगवतं. ऑपरेटर अंतर वाचतो. तिथे जहाज असल्याची कुणाकडेही नोंद नाही. टोक हलतही नाही.

आता अधिकारी जे करतो ते नीट बघा, या खोलीतली खरी गंमत त्यात आहे. तो यंत्राचा ठोका बदलतो. रडार सेकंदाला ठरावीक वेळा हाक मारतं आणि दर हाकेला काचेवरची रेघ नव्याने सुरू होते. प्रतिध्वनी ताज्या हाकेचा असेल, तर ठोका बदलूनही टोक जागच्या जागी राहतं. पण तो मागच्या कुठल्यातरी हाकेचा असेल, वाटेत उशीर झाल्यामुळे भलत्याच रेघेवर येऊन बसला असेल, तर ठोका बदलताच जागा बदलतो. टोक सरकलं. अधिकारी कागदावर आकडे मांडतो, खोडतो, पुन्हा मांडतो. समुद्रावर काहीच नाही. हाक अरबस्तानच्या किनाऱ्यावर आपटून परत आली आहे. त्या उन्हाळ्यांत मुंबईच्या रडारने असे प्रतिध्वनी 1,000 ते 1,700 मैलांवरून टिपले. सतराशे मैल म्हणजे सुमारे 2,700 किलोमीटर. जाऊन-येऊन लागलेला वेळ 0.018 सेकंद. क्षितिजाच्या पलीकडच्या देशाचा पत्ता या खोलीत घड्याळाने सांगितला, आणि पुढेही तोच सांगणार आहे.

जरा बाहेर या. श्वास घ्या. खालून खारट, दमट हवा येते आहे. कातडीला चिकट लागते. तुमच्या डोक्यावर काही शे मीटरांवर मात्र वेगळीच हवा पसरली आहे. ती तापलेल्या जमिनीवरून, अरबस्तानच्या वाळवंटावरून सरकत आलेली, कोरडी आणि खालच्या हवेपेक्षा गरम. एरवी वर जावं तशी हवा थंड होते, म्हणून खालची-वरची हवा ढवळली जाते. इथे उलट झालं आहे. गरम हवा वर बसल्यामुळे झाकण पडलं आहे आणि ओल खाली कोंडली आहे. ओली हवा रेडिओलहरीला जास्त अडवते, कोरडी कमी. दोन्हींच्या सीमेवर हा फरक इतका अचानक होतो की वर निघालेली लहर खाली वाकते. ही वाकण पृथ्वीच्या गोलाईइतकी किंवा तिच्याहून जास्त झाली की लहर सुटूच शकत नाही. समुद्र आणि झाकण यांच्यामध्ये ती पन्हळीतल्या पाण्यासारखी वाहत राहते. रेडिओवाले या पन्हळीला डक्ट म्हणतात. तीन मीटरची लहर त्यात मावायला झाकण निदान दोनशे मीटर वर हवं. फेब्रुवारी ते मे अरबी समुद्रावर तेवढी सोय अनेकदा असते, आणि पाण्यावर डोंगर नसल्यामुळे वाटेत मोडताही घालायला कुणी नाही.

1963 मध्ये कुलाब्याला धावती भेट द्यायला हरकत नाही. वेधशाळेच्या आवारात आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र उघडलं आहे, प्रमुख कॉलिन रॅमेज. हिंदी महासागराच्या मोठ्या मोहिमेसाठी विमानं समुद्रावर जातात आणि यंत्रं पॅराशूटने खाली सोडतात. ती पडता पडता तापमान आणि आर्द्रता कळवतात. त्यांना मॉन्सून हवा आहे, रेडिओशी कर्तव्य नाही. पण अरबी समुद्रावरचं हे झाकण आकड्यांत पकडण्याचं काम इथे होतं आहे. कागदांच्या ढिगाऱ्यात फार रमू नका, पुढचा मुक्काम जास्त गंमतीचा आहे.

एप्रिल 1986, गिरगावातल्या एका चाळीची गच्ची. शारजात मियाँदादने शेवटच्या चेंडूवर षटकार मारून चारच दिवस झाले आहेत आणि पाकिस्तान हा शब्द उच्चारला तरी लोक चहाचा कप आपटतात. अशा आठवड्यात गच्चीवर एक मुलगा अँटेनाची काठी दोन्ही हातांनी धरून वायव्येकडे फिरवतो आहे.

"आलं का?"

"मुंग्या आहेत नुसत्या!" खालच्या मजल्यावरून आवाज येतो. "अजून फिरव. थांब! आलं, आलं… गेलं. मागे ये थोडा."

तुम्ही जिना उतरून खोलीत या. वरळीच्या मनोऱ्यावरून येणारं दूरदर्शन सोडून बटण एका रिकाम्या चॅनेलवर खटकन आणलेलं आहे. मुंग्यांच्या आड डोक्यावर पदर घेतलेली एक वृत्तनिवेदिका उर्दू बोलते आहे. चित्र लोळतं, वितळतं, पुन्हा उभं राहतं. पण आवाज चित्रापेक्षा जास्त टिकतो. टीव्हीचं चित्र ज्या पद्धतीने पाठवतात तिच्यात प्रत्येक कुरकुर डोळ्यांना दिसते, आवाज मात्र FM वर असतो. म्हणजे ही खोली टीव्ही बघत असली, तरी प्रत्यक्षात ती लांबचं FM ऐकते आहे.

"कराची आहे," एक काका खात्रीने सांगतात.

"कशावरून?"

"नऊचा खबरनामा आत्ता सुरू झाला. आपल्या भिंतीवर बघ, साडेनऊ वाजलेत."

पाकिस्तानचं घड्याळ आपल्या मागे अर्धा तास. कराची इथून जेमतेम नऊशे किलोमीटर, मधला सौराष्ट्राचा तुकडा सोडला तर रस्ता पाण्यावरून. शिव्या द्यायला म्हणून लावलेल्या बातम्या ही मंडळी शेवटपर्यंत बघतात आणि पुढे नाटक लागेल या आशेने बसून राहतात. मी असतो तर मीही बसलो असतो. त्या वर्षांत पाकिस्तानी मालिकांच्या व्हिडिओ कॅसेटी मुंबईत भाड्याने फिरत होत्या. इथे तर फुकटात चालून आलं होतं.

आता दक्षिणेला. मे 2003, हर्णै बंदर. संध्याकाळचा मासळीचा लिलाव उरकला आहे, वाळूवर खवले आणि बर्फाचा चुरा उरला आहे. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग काळाठिक्कर होत चालला आहे. होडीतून नांगरलेल्या बोटीवर चढा. फळी ओली आहे, जपून. केबिनच्या खिळ्याला एक चिनी ट्रान्झिस्टर लटकतो आहे. त्याचा एरियल मोडका आणि जागी तांब्याची तार. 87.5 ते 108 एवढाच त्याचा मुलूख.

मुंबईची खासगी FM स्टेशनं सुरू होऊन वर्षच झालं आहे. इथून मुंबई सव्वाशे किलोमीटर, त्यामुळे ती ऐकू येतात तीही उपकार केल्यासारखी. तरणा खलाशी गाण्याचं स्टेशन लावून जाळं शिवतो आहे. वारा पडलेला. पाणी तेलकट शांत. क्षितिजावरच्या बोटींचे दिवे जागच्या उंचीपेक्षा थोडे वर उचलल्यासारखे दिसताहेत. प्रकाशही तेच झाकण ओळखतो.

गाण्याचा अंतरा चालू असतानाच तो तुटतो आणि त्याच जागी अरबी सुरू होतं.

खरखर नाही, दोन आवाजांची सरमिसळ नाही. मीडियम वेव्हवर दोन स्टेशनं एकमेकांच्या अंगावर बोलतात. FM चा सेट मात्र त्याच आकड्यावरच्या दोघांपैकी जो जोरदार त्यालाच धरतो आणि दुसऱ्याला पार सोडून देतो. जोर बदलला की पुन्हा पहिला. म्हणून मिनिटभर अरबी, मग गाण्याचं शेवटचं कडवं, मग पुन्हा अरबी, आणि प्रत्येक तुकडा शेजारच्या खोलीतून यावा इतका स्वच्छ. रेडिओ सिलोन ऐकत वाढलेल्यांना यात काय नवल, असं वाटेल. पण शॉर्टवेव्ह मुळात लांब जाण्यासाठीच असते. FM ची योजना नेमकी उलट आहे. ते गावापुरतं राहील या भरवशावर एकच आकडा दोन लांबच्या शहरांना वाटून दिला जातो. नियोजनाच्या कागदावर अरबी समुद्र म्हणजे भिंत. मे महिन्यात ती भिंत नसते.

"चाचा, हे काय लागलं?" तरण्याने सुई थांबवली.

तांडेल बिडी विझवून जवळ येतो. तो अकरा वर्षं आखातात होता. डोळे बारीक करून ऐकतो.

"ओमान."

"दुबई नसेल कशावरून?"

"दुबईचं काय नि ओमानचं काय, घड्याळ एकच. पण हे मस्कतचं नाव घेतायत. गप, वेळ सांगतोय. अस्सा-आ अस्साबिआ वन्निस्फ. साडेसात वाजले म्हणतोय."

"साडेसात कसले? नऊ वाजले."

"तिथले साडेसात."

दोघं हसतात. तांडेल ट्रान्झिस्टर खिळ्यावरून काढून मांडीवर घेतो आणि तार पश्चिमेला ताणतो. त्याची काही गरज नाही. पाण्यालगत, डक्टच्या ऐन पोटात तो बसलेलाच आहे. डोंगरावरच्या माणसापेक्षा आज या बोटीवरच्या माणसाला जास्त ऐकू येईल. ओमानचा किनारा इथून पंधराशे किलोमीटर.

(त्याच वर्षी 26 जूनला उत्तर आयर्लंडमधल्या एका हौशी श्रोत्याने अमेरिकेच्या मेन राज्यातलं 88.5 वरचं स्टेशन ऐकलं, अटलांटिक ओलांडून. ते मात्र या जातीचं नव्हतं. जमिनीपासून शंभरेक किलोमीटरवर कधीकधी विद्युतभारित हवेचे दाट ढग तयार होतात, त्यांच्यावर आपटून लहर परतली होती. तो पाहुणा लहरी, क्षणात येतो-जातो. आपल्या समुद्रावरचा प्रकार ऋतूचा आहे, त्यात एक शिस्त आहे.)

आता समुद्र ओलांडा. तीच रात्र, तोच मिनिट, फक्त घड्याळ दीड तास मागे घ्या. ओमानचं सूर गाव, मुंबईपासून सुमारे 1,400 किलोमीटर. खाडीकाठी लाकडी गलबतं बांधणाऱ्यांचा वाडा आहे. त्यांचं सागवान पिढ्यान्‌पिढ्या मलबारातून आलं. बाहेरच्या रस्त्यावर एक पिकअप उभा आहे आणि आत दापोलीकडचा एक फिटर दोस्ताची वाट बघतो आहे. डक्टला दिशा नसते. जे तिकडून येतं ते इकडूनही जातं. त्याच्या रेडिओवर अरबी गाणं तुटतं आणि मुंबईची निवेदिका हिंदीत सुरू होते. नऊ वाजून गेलेत, हाजी अलीला गाड्या खोळंबल्या आहेत, पेडर रोडने जाऊ नका.

फिटर डॅशबोर्डवरच्या घड्याळाकडे बघतो. मग आवाज वाढवतो. दोस्त दार उघडून आत बसतो.

"कॅसेट कुणाची?"

"कॅसेट नाय. मुंबई लागलीय."

"काहीही."

"ऐक तर."

निवेदिका उकाड्याची तक्रार करते. पाऊस एकदाचा येऊ दे, म्हणते, आता अगदी लवकर यायला हवा. नैर्ऋत्येचा वारा जोर धरेल, समुद्रावरची ओली आणि कोरडी हवा एकमेकांत ढवळेल आणि झाकण उडेल, तेव्हा तिचा आवाज पालघरच्या पुढेही धड जाणार नाही. तिला याची कल्पना नाही. तिच्या श्रोत्यांत सूरचा एक पिकअप आहे याचीही नाही.

"हाजी अलीला अडकलेत," फिटर म्हणतो. "मी निघालो त्या दिवशीही तिथंच अडकलो होतो. विमान चुकायचं राहिलं."

"मग आज पेडर रोडने जाऊ नको," दोस्त म्हणतो आणि गाडी सुरू करायला सांगतो.