घर मिळेल तेवढीच वाढ

ओहोटी लागली की मुंबई-कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर, खडकांतील पाण्यात पडलेला एखादा शंख अचानक चालू लागतो. त्यात मूळची गोगलगाय नसते. ती मेल्यावर रिकाम्या झालेल्या घरात शंखवासी खेकडा, म्हणजेच ‘हर्मिट क्रॅब’, राहायला आलेला असतो. खऱ्या खेकड्यांचा हा दूरचा भाऊबंद. पुढचे अंग टणक, पण उदर मऊ आणि पिळदार. त्यामुळेच ते शंखाच्या वळणात नेमके बसते. यांच्यातील एका वंशाला तर रांजणात राहणाऱ्या डायोजेनीस या ग्रीक तत्त्ववेत्त्याचेच नाव देण्यात आले आहे.

या प्राण्याची खरी अडचण वाढीची आहे. कात टाकली की शरीर मोठे होते. शंख मात्र निर्जीव, तो वाढत नाही. मोठा शंख मिळाला नाही तर वाढ खुंटते, आणि संकटकाळी अंग पूर्ण आत ओढून घेता येत नसल्याने शत्रूचे फावते. मादी अंडी उदराच्या उपांगांना चिकटवून शंखाच्या आतच सांभाळते. साहजिकच अपुऱ्या शंखात अंडीही कमी मावतात. म्हणजे एका पिढीची घरटंचाई पुढच्या पिढीच्या संख्येतही उतरते.

अंड्यांतून बाहेर पडलेले डिंभ काही काळ समुद्रात तरंगतात आणि अखेरच्या अवस्थेत तळाशी येऊन इवलासा शंख शोधतात. त्यानंतर आयुष्यभर घरे बदलणे सुरू. काही जातींत एखादा मोठा शंख मोकळा सापडला की त्यात शिरणाऱ्याचे जुने घर दुसरा घेतो, दुसऱ्याचे तिसरा. अशी साखळीच लागते. सारेच काही इतके सामोपचाराने होत नाही, शंखासाठी मारामाऱ्याही होतात.

किनाऱ्यावरील संख्येचा अभ्यास करताना संशोधक पाठीच्या पुढच्या टणक ढालीची लांबी मोजतात, पायांच्या बुडाशी असलेल्या छिद्रांवरून नर-मादी ओळखतात आणि अंडी बाळगणाऱ्या माद्यांच्या प्रमाणावरून विणीचा हंगाम ठरवतात. बहुतेक ठिकाणी सर्वांत मोठ्या आकारात नरच अधिक आढळतात. माद्यांची बरीच शक्ती अंड्यांवर खर्च होते.

शंखांचा तुटवडा संख्येला आवर घालतो, हे रिचर्ड व्हान्स यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून दिसले. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर त्यांनी रिकामे शंख आणून टाकले आणि तेथील खेकड्यांची संख्या वाढली. किनाऱ्यावरून पिशवी भरून शंख नेणारा पर्यटक हाच प्रयोग उलट्या दिशेने करत असतो.

जमिनीवर राहणाऱ्या भाऊबंदांची स्थिती तर आणखी विचित्र आहे. इंटरनेटवरील छायाचित्रे तपासून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा १६ पैकी १० जातींचे खेकडे कृत्रिम घरांत राहताना आढळले. नोंद झालेल्या ३८६ खेकड्यांपैकी बहुतेकांच्या पाठीवर प्लॅस्टिकची झाकणे होती.