जालन्याची बाजारपेठ आणि करोडगिरी : आयातशुल्काच्या बदलत्या धोरणाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला असला, तरी व्यापारी पेठ म्हणून जालन्याचा लौकिक कित्येक शतकांचा आहे. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण याच लौकिकाची साक्ष देते. इ. स. १६७९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी मोगलांच्या ताब्यातील या पेठेवर चाल केली, यावरूनही तिच्या संपन्नतेची कल्पना येते. समुद्रकिनाऱ्यापासून दूर असलेल्या या पेठेत येणाऱ्या मालावर कोणी, कोठे आणि किती शुल्क घेतले व त्याचा भार अखेर कोणावर पडला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पूर्वपीठिका :
मराठेशाहीत जकात ही एकाच ठिकाणी घेतली जात नसे. माल भरला जाई तेथे ‘थळभरीत’, विकला जाई तेथे ‘थळमोड’ आणि वाटेत राहदारी असे तिचे प्रकार होते. निजामाच्या मुलखातही जहागीरदार आपापल्या हद्दीत वेगळी वसुली करीत. त्यामुळे मालाची किंमत अंतराबरोबरच हद्दींच्या संख्येनेही वाढत असे.

१८०२ चा व्यापारी तह :
या पद्धतीला पहिला औपचारिक छेद १८०२ च्या तहाने दिला. निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यातील या व्यापारी तहानुसार परस्परांच्या प्रदेशांतील व्यापार खुला करण्यात आला, वाटेतील राहदारी कर रद्द ठरले आणि आयात मालावर किमतीच्या ५ टक्के दराने एकदाच शुल्क घेण्याचे मान्य झाले. मच्छलीपट्टण बंदर वापरण्याची मुभाही निजामास मिळाली. मात्र ‘एकदाच’ हे तत्त्व कागदावर जितके स्पष्ट होते, तितके व्यवहारात नव्हते. जहागिरींतील वसुली आणि जकातीचा मक्ता देण्याची प्रथा पुढेही चालू राहिली. इंग्रजांनी मुंबई इलाख्यातील अंतर्गत राहदारी शुल्क १८३८ च्या कायद्याने रद्द केले. हैदराबादेत मात्र ही सुधारणा पहिले सालारजंग यांच्या दिवाणगिरीत (१८५३ ते १८८३) घडून आली. मक्तेदारी मोडून वसुली सरकारी खात्याकडे आणण्यात आली. हेच ‘करोडगिरी’ खाते होय. मोगल काळातील ‘करोडी’ या महसुली अधिकाऱ्याच्या नावावरून आलेला हा शब्द मराठवाड्यात ‘करोडगिरी नाका’ या रूपाने घरोघरी परिचित झाला.

सीमेवरील पेठ आणि दुहेरी भार :
१८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि जालन्याच्या व्यापाराचा भूगोल बदलला. भोकरदन व जाफराबाद हे भाग सरहद्दीवर आले. जालन्याशी नित्य व्यवहार असलेले देऊळगाव राजा इंग्रजी अंमलाखाली गेले. भाषा, नातीगोती आणि आठवडी बाजार एक असूनही मध्ये शुल्काची सीमा उभी राहिली. १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग सुरू झाल्यावर जालन्याची कापूसपेठ मुंबईशी थेट जोडली गेली व परदेशी मालाची आवकही सुलभ झाली. त्याचबरोबर शुल्काचा प्रश्न अधिक तीव्र झाला.

हैदराबाद संस्थानाच्या ताब्यात स्वतःचे बंदर नसल्याने परदेशी माल मुंबईत सागरी सीमाशुल्क भरूनच येई आणि संस्थानात शिरताना त्यावर पुन्हा करोडगिरी लागे. मुंबईतील दर लँकेशायरच्या गिरणीमालकांच्या दबावाने व साम्राज्याच्या गरजेने बदलत राहिले. १८८२ मध्ये कापडावरील आयातशुल्क उठविण्यात आले, १८९४ मध्ये ५ टक्के शुल्क पुन्हा लागू झाले, १८९६ मध्ये ते साडेतीन टक्के करण्यात आले, १९१७ मध्ये साडेसात आणि १९२१ मध्ये ११ टक्के झाले. करोडगिरीचा ५ टक्के हा पाया मात्र दीर्घकाळ टिकला. १९२१ मध्ये मुंबईत उतरलेल्या १०० रुपयांच्या विलायती कापडाची किंमत सागरी शुल्कानंतर १११ रुपये आणि त्यावर ५ टक्के करोडगिरी धरल्यास सुमारे साडेएकशे सोळा रुपये होते. वाहतूक व नफा यांचा हिशेब त्यानंतरचा. मुंबईच्या गिरणीचे देशी कापडही यातून सुटत नव्हते. १८९६ ते १९२५ या काळात त्यावर साडेतीन टक्के उत्पादनशुल्क होते आणि जालन्यात येताना त्याला करोडगिरी द्यावी लागे. शिवाय १०० कलदार रुपयांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, असा चलनाचा हिशेब व्यापाऱ्यास निराळा सांभाळावा लागे. ब्रिटिश हद्दीतील ग्राहक एक शुल्क देत असताना जालन्याचा ग्राहक दोन सरकारांना शुल्क देत होता.

नाक्याचे राजकीय रूप :
या पार्श्वभूमीवर १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात करोडगिरी नाक्यांवर झालेले हल्ले पाहिले पाहिजेत. नाका हे संस्थानच्या उत्पन्नाचे साधन होते, तसेच शेजारच्या मराठी मुलखापासून केलेल्या विभाजनाचे ते रोज दिसणारे चिन्ह होते. तथापि सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान विलीन झाल्यावर नाके तत्काळ गेले नाहीत. या महसुलाला पर्याय शोधणे भाग होते. १९५० मध्ये हैदराबादेत सामान्य विक्रीकराचा कायदा झाला. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३०६ ने ‘ब’ वर्गातील राज्यांना असे शुल्क केंद्राशी करार करून जास्तीत जास्त १० वर्षे चालू ठेवण्याची मुभा दिली होती. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने हा अनुच्छेद वगळण्यात आला. त्याच वर्षी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला.

निष्कर्ष :
करोडगिरीचा इतिहास असे दर्शवितो की, शुल्काचा दर कमी असणे एवढ्याने व्यापार मुक्त होत नाही. ते किती ठिकाणी व किती सत्तांकडून घेतले जाते, हे अधिक निर्णायक ठरते. हा मुद्दा जालन्याच्या नंतरच्या वाटचालीतही दिसतो. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराने आयातीवरील अनेक पूरक शुल्कांची जागा एकात्मिक कराने घेतली. जालन्याच्या पोलाद उद्योगाचा कच्चा माल असलेल्या भंगारावरील सीमाशुल्क २०२१ च्या अर्थसंकल्पात माफ झाले, तेव्हा दिल्लीतील निर्णयाचा परिणाम येथील भट्ट्यांपर्यंत पोहोचला. डिसेंबर २०१५ मध्ये जालन्याजवळ ड्राय पोर्टची पायाभरणी झाली. त्यामागील कल्पना सीमाशुल्काचे सोपस्कार बंदराऐवजी पेठेच्या दाराशी व्हावेत, अशी आहे. एकेकाळी नाका पेठेला जगापासून तोडीत होता, या कल्पनेत मात्र तो पेठेला जगाशी जोडणारा ठरतो. ती कितपत फलदायी होईल, हे सोपस्कार किती कमी होतात यावरच अवलंबून राहील.